शेवटचा हात कुणाचा?

माझ्या दाजींनी हातात घेतलेली वस्तू दुरुस्त झाली नाही, असं माझ्या आठवणीत एकदाही घडलेलं नाही; आणि गुन्हेगार सापडण्याआधी त्यांनी ती दुरुस्त केली, असंही एकदाही घडलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिक्सर बंद पडला की बाकीची माणसं मिक्सर उघडतात, दाजी चौकशी उघडायचे. खिशातला टेस्टर काढायचे, तो मिक्सरला न लावता समोरच्या माणसावर रोखायचे आणि विचारायचे, "शेवटचा हात कुणाचा?" आमच्या आईचा मिक्सर एकदा जळका वास मारून गप्प झाला. दाजी नेमके दिवाळसणाला आलेले. "मामी, शेवटचा हात कुणाचा?" आई म्हणाली, "माझाच की." "काय वाटत व्हता?" "खोबरं." "वलं का सुकं?" "सुकं." "तुकडं केवढं केलं व्हतं?" आईने अंगठ्याचं पेर दाखवलं. "खरं सांगा, मामी." आईने अजून अर्धं पेर वाढवलं. असं करत करत अख्खी खोबऱ्याची वाटीच आत गेली होती इथपर्यंत कबुली आली, तेव्हा आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "जावईबापू, मी मरेस्तोवर पाट्यावर वाटीन, पण हे थांबवा." मग दाजींनी मिक्सर उलटा केला, बुडाचं एक लाल बटण दाबलं आणि मिक्सर घरघरायला लागला. एवढंच होतं. ते त्यांना आल्या आल्याच ठाऊक होतं म्हणे.

ही खोड लग्नानंतर लागलेली नव्हे. लग्नातच दिसली होती. मंगलाष्टकं रंगात आली असताना मांडवातला लाउडस्पीकर कोंय करून बंद पडला, आणि अंतरपाटाच्या पलीकडचा नवरदेव मुंडावळ्यांसकट, हातातल्या हारासकट, थेट स्पीकरवाल्यापुढे जाऊन उभा राहिला. भटजी मुहूर्ताच्या नावाने ओरडतायत, मामा लोक नवरदेवाचा शेला धरून ओढतायत, आणि इकडे चाललंय, "वायर कुणी हलवली? कवा हलवली? तू तवा कुठं व्हतास?" ताई बिचारी अंतरपाटाकडे बघत एकटीच उभी. तिने पुढे मला सांगितलं, "तवाच वळखलं मी. म्हटलं, आता जन्मभर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं ऱ्हायचंय." पण सांगताना ती हसत होती, हेही नमूद केलं पाहिजे.

एकदा आम्ही सगळे नदीसंगमावरच्या नरसिंहपूरला देवदर्शनाला निघालो होतो. एसटी वाटेत बंद पडली. ड्रायव्हरने खाली उतरून काहीतरी खाटखूट केलं, गाडी चालू झाली, आणि गाडी निघूनही गेली. दाजी मागे राहिले. कारण ते त्या वेळी शेजारच्या उसात पाणी धरणाऱ्या माणसाला, गाडी लांबून येताना तिचा आवाज कसा येत होता, ते विचारत होते. संगमावर ते तासाभराने ट्रॅक्टरवर बसून पोचले आणि आल्या आल्या म्हणाले, "ड्रायव्हरचीच चूक हाय. क्लचवर पाय ठिवून गाडी चालवतोय." देवाचं दर्शन त्यांनी शांतपणे घेतलं. देवाला हात जोडायला त्यांची ना नव्हती. पण मशीनला हात जोडलेले मात्र त्यांना अजिबात खपत नसत. "हात जोडून मशीन चालत आसतं तर कारखान्यात फिटर कशाला ठेवलं आसतं, पुजारी ठेवलं आसतं," असं ते म्हणायचे. मशीनला हात घालायचा, जोडायचा नाही. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की आमच्या घरात कुणी उदबत्ती घेऊन नव्या स्कूटरकडे निघालं, तरी आधी दाजी कुठं आहेत ते बघायचं.

मला ते पाव्हणं म्हणत. माझा बारामतीत फोटो स्टुडिओ होता, आणि माझ्या धंद्याबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. "पाव्हणं, तुमचं बरं हाय. बिघडल्यालं त्वांड जसंच्या तसं काढून देता, वर लोक फ्रेम करून लावतात." मीही काही कमी नव्हतो. मी म्हणायचो, "दाजी, मी निदान फोटो काढताना माणसाला हसायला सांगतो. तुमच्यापुढे उभा राहिलेला माणूस सहा महिने हसत नाही." त्यावर ते टेस्टर माझ्याकडे रोखायचे.

ताईचा संसार सुरुवातीला वालचंदनगरला क्वार्टरमध्ये होता. दाजींची नोकरी पक्की, क्वार्टरपुढे ताईने लावलेली जास्वंद, सगळं कसं छान चाललेलं. नव्वदचं दशक संपत आलं आणि कुठल्याशा मासिकाबरोबर एक चकचकीत सीडी त्यांच्या हातात पडली. तीत लिनक्स होतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम. झालं! त्या सीडीने आमच्या ताईचं क्वार्टर खाल्लं, जास्वंद खाल्ली, आणि दाजी पक्की नोकरी सोडून बारामतीत दोन खोल्यांत कॉम्प्युटर जुळवायला बसले. का, तर म्हणे ह्या लिनक्समध्ये काय बिघडलं ते आतपर्यंत जाऊन बघता येतं, कोण काय करतंय ते सगळं ते लिहून ठेवतं, काही म्हणजे काही लपवत नाही. जन्मभर माणसांकडून कबुल्या काढून दमलेल्या माणसाला आपणहून कबुली देणारं मशीन सापडलं होतं. त्यांचा आनंद काय वर्णावा!

इंदापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात ऊसतोडीच्या, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याच्या, चिठ्ठ्या काढायचा एक जुना प्रोग्रॅम होता. तो एका कॉम्प्युटरवर एकटाच बसायचा, दुसऱ्या कुणाला शेजारी बसू द्यायचा नाही. त्यामुळे एक कारकून चिठ्ठी काढणार आणि बाकीचे जांभया देणार. दाजींनी तिथल्या साहेबांना सांगितलं, मी एकच दणकट कॉम्प्युटर जुळवतो, त्यावर लिनक्स घालतो, आणि त्याच्या पोटात खोटे खोटे कॉम्प्युटर तयार करतो. त्या प्रत्येक खोट्या कॉम्प्युटरला वाटणार की जगात आपण एकटेच आहोत, आणि तो जुना प्रोग्रॅम त्याच्यात सुखाने नांदणार. टेबलावर नुसता पडदा आणि कीबोर्ड, मुख्य मशीन कोपऱ्यात. ह्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. दाजी त्यांना 'पोटातली' म्हणायचे. ताईला वाटायचं हे कुणा बाईबद्दल बोलतायत.

ताईची मात्र झोप उडाली होती. दाजींचे थोरले भाऊ मस्कतला होते. त्यांनी धाकट्यासाठी तिथं काम बघितलं होतं, व्हिसा येऊन पडला होता. दाजींनी त्यांना कळवलं होतं की कारखान्याचं मशीन चाचणीत पास झालं तर मला इथंच कायमची जागा मिळेल, नाही झालं तर येतो. त्या काळी मस्कत म्हणजे दोन वर्षांतून एकदा माणूस दिसायचा. ताई कधी कशाला आडवी गेली नव्हती. नोकरी सोडली तेव्हाही नाही. पण ह्या वेळी ती मला म्हणाली (मी धाकटा, तरी मला ती दादाच म्हणते), "दादा, हे गेले तर मी हितं भांडू कुणाशी? सकाळी उठून कोन मला इचारनार, दूध कसं उतू गेलं म्हनून?" बोलता बोलता तिने तोंड फिरवलं. चाचणीचे फोटो काढायला मलाच बोलावलेलं होतं, म्हणून एवढंच म्हणालो, "मी जातोय ना तिथं. होईल नीट."

चाचणीचीही त्या ऑफिसात एक पद्धत होती. मशीन आलं की त्याच्या पेटीवर कागदी पट्ट्या चिकटवायच्या, त्यांवर सह्या, कडेला लाख. समितीने बघून पास केल्याशिवाय पेटी उघडायची नाही. पूर्वी कुणीतरी दाखवायला एक पार्ट आणि वापरायला दुसरा असा खेळ केला होता, तेव्हापासूनचा हा नियम. तो पाळण्याचं काम ऑफिस सुपरिंटेंडंट तात्यांकडे. तात्या म्हणजे पांढराशुभ्र बुशशर्ट, खुर्चीमागे बाबासाहेबांचा फोटो, आणि टेबलावर एकही कागद तिरका नाही. रिटायर व्हायला आलेले. त्यांना कुणी 'एवढं काय तात्या, चालतंय' म्हटलं की ते चष्मा काढून शांतपणे सांगत, "नियम मोडायची हौस मोठ्या घरच्यांना परवडते. आमच्यासारख्यांना नियमानंच इथवर आणलंय." ह्यावर कुणाला काही बोलता येत नसे, आणि बोलूही नये.

दिवाळीनंतरचे दिवस. दाजींचं मशीन दसऱ्याच्या सुमारासच येऊन, सील होऊन ऑफिसात पडून होतं. दुसऱ्या दिवशी उसाची पहिली मोळी टाकून कारखान्याचं गाळप सुरू व्हायचं होतं. आवारात बैलगाड्या आदल्या दिवसापासून येऊन उभ्या. समिती संध्याकाळी येणार होती. दाजींनी सकाळी आल्या आल्या सगळ्या कारकुनांना गोळा करून हात जोडण्याबद्दलचं ते वाक्य ऐकवलं, कारण एका कारकुनाने मशीनपुढे नारळ आणून ठेवला होता. नारळ खिडकीत गेला. मशीन चालू झालं, सगळ्या टेबलांवरचे पडदे उजळले, चिठ्ठ्या निघायला लागल्या. मी फोटो काढायला कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यातूनच मला दिसलं, पडद्यावरची लुकलुकणारी रेघ लुकलुकायची थांबली. एका टेबलावर नव्हे, सगळ्या टेबलांवर.

दाजींनी आधी मशीनकडे बघितलंच नाही. टेस्टर बाहेर आला. "शेवटचा हात कुणाचा?"

कोपऱ्यातला कारकून उभा राहिला. "माझा. पन मी नुसतं गावाचं नाव टाकत व्हतो."

"कुठलं गाव?"

"सांगवी."

"सांगवीतलं कुठलं अक्षर चाललं व्हतं?"

माणूस रडायच्या बेताला आला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. थोडा वेळ चाललं, पुन्हा मुकं. आता दुसऱ्या कारकुनाची पाळी. मग विजेची. दाजींनी भिंतीतल्या प्रत्येक भोकात टेस्टर घातला. मग वायरींची. मग एकेका टेबलाची जोडणी सोडवून बघितलं. शेवटी एवढं कळलं की पोटातली सगळी बंद ठेवली तर नुसतं लिनक्स मजेत चालतं, तासन् तास चालतं, काही म्हणजे काही होत नाही. पण पोटातला एक जरी जागा केला, की थोड्या वेळात सगळं ठार. आणि ज्या लिनक्सची सगळं लिहून ठेवण्याबद्दल एवढी कीर्ती, त्याने ह्याबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. दाजी त्या पडद्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मी फक्त पळून गेलेल्या भावाबद्दल बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलीय. "पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "घरी आठवडाभर चाललं व्हतं हे. रात्रंदिवस. सगळी पोटातली घिऊन."

"मग आता काय झालं?"

"त्येच तर इचारतोय मघाधरनं. कुनी सांगतच न्हाय."

तात्या दर खेपेला उठून यायचे, बघायचे, परत जाऊन बसायचे. एकदाच बोलले. "दिवसभर काय ते करून घ्या. समिती बसल्यावर थांबलं, तर मला नापास लिहावं लागेल. माझा इलाज नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

दुपारी ताई आली. एसटीने आली, हातात डबा. आम्ही काही सांगायच्या आत तिला आमची तोंडं बघून कळलं. तिने डबा पुढे केला. दाजी म्हणाले, "भूक न्हाय." ताई म्हणाली, "भूक कुनाला इचारलीय? चार घास खावा. मशीन काय पळून चाललंय व्हय?" दाजी खरं तर ऐकणारे नव्हेत, पण त्या दिवशी ऐकलं. मशीन बंद केलं, आणि ऑफिसच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून तिघं जेवलो. समोर बैल रवंथ करत होते. ताईने भाकरी मोडून दाजींच्या ताटात ठेवली, मग आपल्या वाटणीचीही तिथंच सरकवली, आणि दाजींनी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. मी नुसता ठेचा चाखत बसलो आणि डोळ्यांतलं पाणी ठेच्यावर ढकललं.

जेवून आल्यावर मशीन चालू केलं, पोटातली सगळी उठवली. आणि ते चाललं! बराच वेळ चाललं. एक कारकून टाळ्या वाजवायला निघाला होता, त्याला मी डोळ्यांनी दाबलं. बरोबरच केलं म्हणायचं, कारण पुन्हा सगळे पडदे थिजले. दाजींनी लगेच बंद करून लगेच चालू केलं, तर आता पोटातलं पहिलं उठतंय न उठतंय तोवरच मेलं.

ते एकदम वळले. टेस्टर खिशात गेला होता. "पाव्हणं, जेवून आल्यावर लई येळ चाललं. बरूबर? आन् आत्ता लगीच सुरू केलं तर लगीच मेलं."

"मग?"

"दमतंय त्ये. तापतंय!" त्यांनी पेटीला तळहात लावला. मागच्या पंख्यातून वारा तर येत होता. "हा मागचा पंखा ठीक हाय. पन आत ज्या चिपमध्ये सगळं डोकं आस्तं, तिच्यावर येक बारका पंखा आसतो. त्यो फिरत नसनार."

"मग नुसतं लिनक्स कसं चालतं?"

"लिनक्सला काम नसलं की त्ये गप डोळं मिटून बसतं. थंड ऱ्हातं. पन पोटातला त्यो जुना प्रोग्रॅम हाय ना, त्याला काम नसलं तरी बसायचं ठाऊक न्हाय. उभाच्या उभा. सारखा कीबोर्डला इचारतो, बटन दाबलं का? बटन दाबलं का? दाबलं का?"

"तुमच्यासारखा," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. दाजी हसले नाहीत. ते त्या कागदी पट्टीकडे बघत होते.

तात्यांना सांगितलं. तात्यांनी चष्मा काढला. "सील समितीपुढंच निघतं."

"समिती येईस्तोवर उशीर व्हईल, तात्या. त्यांच्यापुढं बंद पडलं तर झालंच की."

"मी काढणार नाही. तुम्ही काढलंत, तर मी लिहिणार, चाचणीआधी सील तोडलं. आत तुम्ही म्हणताय तसा दोष सापडला तर ठीक. नाही सापडला, तर त्या एका ओळीवरच तुमचं काम संपलं. समितीला मशीन बघायचीही गरज पडणार नाही."

म्हणजे आता सगळा भरवसा एका तर्कावर. पंखा फिरत असेल तर मस्कत. दाजींनी दाराबाहेर बघितलं. व्हरांड्यात ताई पाठमोरी बसून डबा बांधत होती, फडक्याची गाठ मारत होती, सोडत होती, परत मारत होती. दाजींनी टेस्टर काढला, आणि ह्या वेळी तो कुणावर न रोखता सरळ पट्टीखाली घातला. कागद टर्रकन फाटला. लाखेचा तुकडा माझ्या चपलेवर पडला.

झाकण निघालं. आत खरोखरच एक छोटा पंखा होता, आणि तो फिरत नव्हता. मी हुश्श करणार इतक्यात दाजींचा चेहरा पाहिला आणि हुश्श तिथंच राहिलं. त्यांनी मान जवळ नेली. पंख्याच्या मधोमध लालसर पिवळा काहीतरी लेप सुकून घट्ट बसला होता. आणि त्याच्या पात्यांखाली, धातूच्या फटींत, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या दाबून बसल्या होत्या.

"खंडेनवमी," दाजी पुटपुटले.

मला एका क्षणात सगळं कळलं. मशीन घरात उघडंच असायचं, दाजी झाकण कधी लावायचेच नाहीत. आठवडाभर चालवून बघितल्यावर, खंडेनवमीला ते मशीन बंद ठेवून वायरी आणायला पुण्याला गेले होते. घरातली विळी, शिवणयंत्र, स्कूटर, सगळ्याची पूजा त्या दिवशी कोण करतं? ताई! तिने उघड्या मशीनच्या मधोमध, जिथे काहीतरी चक्रासारखं दिसलं, तिथे हळदकुंकू लावलं असणार, वर फूल वाहिलं असणार. दुसऱ्या दिवशी फूल उचललं असणार, पाकळ्या आत राहिल्या. आणि दाजींनी पुण्याहून येऊन घाईघाईत झाकण लावून मशीन जीपमध्ये चढवलं. जे मशीन चालावं म्हणून जगात सगळ्यात जास्त कुणाचा जीव टांगणीला लागला असेल, तर तिचा. आणि तिच्याच हाताने ते गुदमरलं होतं.

तात्या खुर्चीवरून उठून आले. वाकून बघितलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं. सगळं ऑफिस मागे गोळा झालं. सकाळपासून दाजींचा तो प्रश्न ऐकून ऐकून तात्यांच्याही तोंडात बसला होता बहुतेक. ते म्हणाले, "शेवटचा हात कुणाचा?"

मी दाजींकडे बघितलं. ज्या माणसाने मंगलाष्टकं थांबवून गुन्हेगार शोधला, त्याला आज उत्तर आयतं मिळालं होतं.

"माझा," दाजी म्हणाले.

"तुमचा? पूजा? तुम्ही केलीत?"

"व्हय. भ्या वाटलं. म्हटलं, करू येकदा. केली."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सांगवीवाला कारकून तर भिंतीला तोंड करून खांदे हलवत होता, आणि मला त्याचा दोष वाटत नाही. खिडकीतला नारळ समोर दिसत होता. दाजींचे कान लाल झाले होते, पण मान खाली नव्हती. तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग दारातून बाहेर बाकड्याकडे बघितलं, आणि मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "ठीक आहे. दोष सापडला. लिहितो तसं. आटपा लवकर."

माझ्याकडे लेन्स साफ करायचा मऊ ब्रश होता. टंकलेखनाच्या टेबलावरून मशीनचं तेल आणलं. दाजींनी एकेक पाकळी चिमटीने काढली. कुणाला फेकू दिली नाही, रुमालात ठेवली. लेप खरवडला, तेलाचा थेंब सोडला, बोटाने पातं ढकललं. पंखा अडखळला, एक गिरकी घेतली आणि फिरायला लागला. झाकण लागलं, तात्यांनी नवी पट्टी आणली, सही केली. सगळे पडदे उजळले. आता नुसतं बघत बसायचं होतं. ते बसणं मी जन्मात विसरणार नाही. चिठ्ठ्या निघतायत, आणि सगळं ऑफिस त्या लुकलुकत्या रेघेकडे श्वास धरून बघतंय. समिती आली, बसली, चहा झाला, कुणीतरी साहेब बराच वेळ बोलले. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. रेघ लुकलुकत राहिली. तात्यांनी पास लिहिलं, तेव्हा दाजींनी माझा दंड धरला होता, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता.

परत येताना कारखान्याच्या जीपने आम्हाला सोडलं. ताई मध्ये, आम्ही दोघे कडेला. दोन्ही बाजूंना ऊस, आणि समोरून बैलगाड्यांची रांग संपता संपत नव्हती. ताई एकदम म्हणाली, "येक सांगू? रागवायचं न्हाय. खंडेनवमीला तुमी पुन्याला गेल्तात ना, तवा मी मशीनची पूजा केली व्हती. तुमाला आवडत न्हाय म्हनून बोलले न्हवते. बघा, पास झालं का न्हाय?"

म्हटलं, आता सुरू. फूल कुठलं, कुंकू वलं का सुकं, बोट कुठलं. दाजी बाहेर उसाकडे बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "त्यानंच झालं."

पुढे दाजी त्याच ऑफिसात रिटायर झाले. मस्कत त्यांनी फक्त भावाच्या कॅलेंडरवर पाहिलं. त्यांच्या चौकश्या शेवटपर्यंत चालू होत्या. दवाखान्यात सलाईन थांबलं, तेव्हाही त्यांनी नर्सबाईंना विचारलंच, शेवटचा हात कुणाचा. बाईंनी उत्तर द्यायच्या आधी त्यांचा डोळा लागला. त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले.

वर्षश्राद्धाला सगळी मंडळी पांगल्यावर मी ताईजवळ बसलो होतो. जीपमधली ती गोष्ट माझ्या मनात होती, पण मी ती कधीच काढली नव्हती, आणि काढणारही नव्हतो. दाजींनी राखलेलं मी कशाला उघडं करू? तीच म्हणाली, "दादा, त्या पूजेपायीच मशीन बंद पडत व्हतं ना रे?"

मी चमकलो. "तुला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? जीपमधी त्यांनी नुसतं 'व्हय' म्हटलं, तवाच कळलं मला. चहा पातळ झाला तरी गवळ्यापतुर चौकशी न्हेनारा मानूस. त्यो माझ्या बोलन्याला येक सवाल न करता व्हय म्हनतो? म्हटलं, मोठं कायतरी चुकलंय माझं."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

"येवढ्या हौसेनं लपवलं व्हतं त्यांनी. कशाला इचारू?"

असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. चहा घेऊन आली तो फारच पातळ झाला होता. आम्ही दोघांनी तो तसाच पिऊन टाकला. कुणी कुणाला काही विचारलं नाही.